काटेवहिनीचा खोटा कागद

बाजाराच्या मागच्या गल्लीत तराजू दुरुस्तीचं एक दुकान आहे. पुढे एक लांब खोली, मागे राहतं घर, आणि मधलं दार दिवसभर सताड उघडं. खोलीच्या छताला चार लोखंडी आकडे आहेत, त्यांना मोठाले तराजू टांगलेले असतात. वारा आला की त्यांची पारडी एकमेकांकडे बघून माना हलवतात. भिंतीला लागून एक दगडी ओटा आहे. तो असा बसवलाय, की बाहेरून भरलेली गाडी धडधडत गेली तरी त्यावरच्या वाटीतलं पाणी शहारत नाही. औषधवाल्यांचे, सराफांचे नाजूक काटे त्या ओट्यावर तपासले जातात, आणि गेली कित्येक वर्षं ते तपासते एक बाई.

ती या घरात सून म्हणून आली. सासऱ्यांना सगळे थोरले कारागीर म्हणत. त्यांची नजर तेव्हा मंदावत चालली होती आणि मुलाचा हात कानशीवर चांगला असला तरी त्याला धीर नव्हता. काटा थांबायच्या आतच तो आकडा सांगून मोकळा व्हायचा. सुनेला धीर होता. काटा डोलत डोलत थांबेपर्यंत ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. थोरल्या कारागिरांनी महिनाभर गुपचूप पाहिलं आणि एक दिवस ओट्यापुढचं स्टूल तिच्याकडे सरकवलं. बोलले काही नाहीत. त्या घरात मोठ्या गोष्टी अशाच व्हायच्या.

पहिल्यांदा ती हत्यारांचं खोकं घेऊन धान्याच्या पेठेत गेली, तेव्हा एक जाडा व्यापारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता वहिनी आमचे काटे धरणार वाटतं. घरी चूल नाही का?"

"आहे की," ती म्हणाली. "पण चूल खोटं बोलत नाही. तुमचा काटा बोलतो. पोत्यामागे अर्धा किलो."

पेठ हसली. व्यापारीही हसला, जरा उशिरा हसला. त्या दिवसापासून तिचं नाव काटेवहिनी पडलं. आधी थट्टेनं पडलं, मग सवयीनं राहिलं, आणि पुढे लोक ते असं घेऊ लागले, जसं एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाचं नाव घ्यावं.

त्या दुकानाची एक शिस्त होती. ज्यानं काटा दुरुस्त केला त्यानं तो तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, असं थोरले कारागीर म्हणत. तपासून झालं की एक चिठ्ठी लिहायची, 'मी तपासला, खरा आहे', खाली सही, आणि ती चिठ्ठी पारड्याखाली चिकटवायची. नऊ वर्षांत काटेवहिनीनं शेकड्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातली एकही खोटी निघाली नाही. वजनमापाचे सरकारी निरीक्षक यायचे, पारडं उचलून खाली तिची सही पाहायचे आणि चष्मा काढून खिशात ठेवायचे. तिला त्या चष्मा काढण्याचा फार अभिमान वाटायचा. तो तिचा बिल्ला होता म्हणा ना.

लग्नाच्या नवव्या वर्षी तिला मुलगी झाली. इस्पितळातून घरी आणलं आणि थोरल्या कारागिरांनी आधी काय केलं, तर दगडी ओटा पुसला, दुकानातला सगळ्यात चांगला काटा मांडला, पारड्यात मऊ दुपटं घातलं आणि नातीला तोललं. मग पेन्सिलीनं भिंतीवर आकडा लिहिला. एवढीशी पोर पाहून ते म्हणाले, "ही तर माझी गुंज." सराफ पूर्वी ज्या लाल बीनं सोनं तोलत, ती गुंज. तेच नाव राहिलं.

रोज सकाळी गुंजेचं वजन व्हायचं. रोज आकडा वर सरकायचा. शेजारचा शिंपी, समोरची किराणावाली, सगळे तो पाहायला यायचे.

"अठ्ठावीस ग्रॅम, एका दिवसात," थोरले कारागीर सांगायचे, जणू स्वतःच वाढलेत.

"आईचं दूध चांगलं दिसतंय," किराणावाली म्हणायची.

"आमच्याकडे काही खोट नसतेच," सासूबाई म्हणायच्या.

अन् काटेवहिनी मागे उभी राहून मान हलवायची.

तिचं काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही, आणि हे घर आंधळं होतं म्हणून नव्हे. या माणसांनी जन्मभर एकच गोष्ट मानली होती, की काटा सांगतो ते खरं. भिंतीवरचा आकडा चढत होता. मग घरात काही बिघडलंय असं कोण म्हणणार?

बिघडलं होतं. मूल कुशीत घेतलं की तिच्या आत काहीच हलत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं एकेकदा, ते तर जास्त भीतीचं होतं. दूध पाजायची, पुसायची, कपडे बदलायची, सगळं नेमानं, जसं दुसऱ्या कुणाचं मूल चार दिवस सांभाळायला घेतलं आहे आणि त्याचे घरचे येणार आहेत. मूल झोपायचं, पण तिला झोप येत नव्हती. जेवण तोंडात भुशासारखं फिरायचं. माळ्याच्या जिन्यावरून मुलीला घेऊन उतरताना तिला दिसायचं, की आपला हात सुटतोय. सुटत नव्हता. पण दिसायचं. म्हणून तिनं माळ्यावर जाणंच सोडलं. न्हाणीघरात नळ सोडून ती रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. मनात एकच घोकणी चालायची, या पोरीला चुकीची आई मिळाली.

एकदा तिनं सासूबाईंपाशी विषय काढून पाहिला. "आई, मला काहीच गोड लागत नाही हो."

"जागरणानं होतं," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मी तर तीन बाळंतपणं उभ्या उभ्या काढली. आजारी पडायला वेळ कुणाला होता? आज पोरगी पस्तीस ग्रॅमनं वाढलीय, ते बघ आधी."

नवऱ्यापाशी तिनं विषयच काढला नाही. तो बिचारा तिच्या गप्प राहण्याला घाबरून कानशीचा आवाज वाढवत होता.

दीड महिन्यानं ती मुलीला लस टोचायला आरोग्यकेंद्रात गेली. तिथल्या नर्सबाई जुन्या ओळखीच्या. बाळं तोलायचा त्यांचा काटा याच दुकानात दुरुस्तीला यायचा. नर्सबाईंनी तिला एक कागद दिला. नव्या आयांनी भरायचा. दहा प्रश्न होते. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का, पुढे काही चांगलं घडेल असं वाटलं का, कारण नसताना भीती वाटली का, इतकं वाईट वाटलं का की झोप लागली नाही. असे.

तिनं कागद वाचला. जणू कुणीतरी तिच्या घरात येऊन, न्हाणीघराच्या दाराला कान लावून तो लिहिला होता. शेजारी दुसऱ्या बाया बसल्या होत्या, आपापल्या पोरांना हसवत. एकीनं विचारलं, "तुम्हीच ना त्या काटेवहिनी? तुमचं बाळ तर रोज तोलतात म्हणे. भाग्यवान हो."

काटेवहिनीनं पेन घेतलं आणि दहाही ठिकाणी चांगल्यातल्या चांगल्या उत्तरावर खूण केली. खाली सही केली. तीच सही, चिठ्ठ्यांवरची.

नर्सबाईंनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "ठीक चाललंय मग?"

"हो."

"बरं. आमचा काटा तेवढा बघायला पाठवते उद्या. रिकामा असला की बरोबर शून्यावर, पण बाळ ठेवलं की मनाला येईल ते सांगतो."

काटा आला. नवऱ्यानं तो उघडला, साफ केला, जुळवला. तपासायचा तिनं, शिस्तच तशी. गुंज मागच्या खोलीत आजीपाशी होती. काटेवहिनीनं बऱ्याच दिवसांनी स्टूल ओढलं. एक किलोचं वजन ठेवलं, मग दोन, मग तीन. काटा डोलला, थांबला. बरोबर. पुन्हा एकदा. बरोबर. काम चोख होतं. तिनं चिठ्ठी घेतली, 'मी तपासला, खरा आहे' असं लिहिलं, आणि सही करायला गेली तर हात पुढे जाईना.

नऊ वर्षं ती सही फक्त खऱ्याखाली पडली होती. काल ती एका खोट्या कागदावर पडली. तो कागद या क्षणी आरोग्यकेंद्राच्या कपाटात होता, आणि नर्सबाई त्याच्यावर विश्वास ठेवून बसल्या होत्या, जसे निरीक्षक चष्मा खिशात ठेवून बसायचे. तिला मुलीविषयी काही वाटत नव्हतं, जेवणाविषयी नव्हतं, स्वतःविषयी तर नव्हतंच. पण याचं तिला वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी आतपर्यंत जाऊन टोचलं. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या पाठोपाठ राग आला, चांगला सणसणीत.

ती उठली. नवऱ्याला म्हणाली, "मी केंद्रात जाऊन येते."

"काटा न्यायला मी जाणारच आहे अगं."

"काट्याचं नाही. माझं काम आहे."

भर दुपारी ती एकटीच चालत गेली. केंद्रात गर्दी नव्हती, नर्सबाई डबा उघडून बसल्या होत्या. ती समोर जाऊन उभी राहिली.

"माझा कागद परत द्या. तो खोटा आहे."

"काट्याचं प्रमाणपत्र?" नर्सबाई दचकल्या. "अगं, त्यावर तर आम्ही सहा महिने पोरं तोललीत."

"काटा खरा आहे. मी खोटी आहे. तो दहा प्रश्नांचा कागद. मी सगळं खोटं लिहिलं."

नर्सबाईंनी डब्याचं झाकण लावलं, उठून दार लोटलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "बस. कागद राहू दे. तोंडानं सांग, मी लिहिते."

एक एक प्रश्न त्यांनी वाचला. एक एक उत्तर तिनं दिलं, काटा थांबल्यावर आकडा सांगावा तसं, उगाच वाढवून नाही आणि कमी करून नाही. शेवटचा प्रश्न आला तेव्हा नर्सबाईंनी कागद खाली ठेवला आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं?"

"करून घ्यावं असं नाही येत. पण सकाळी उठूच नये असं येतं. कुणीतरी मला उचलून कपाटात ठेवून द्यावं. आणि पोरीला चांगली आई मिळावी."

"पोरीला काही होईल माझ्या हातून, असं?"

"जिन्यावर दिसतं. म्हणून मी जिना चढत नाही. बाई, मी वाईट आई आहे का?"

"वाईट आईला जिन्याची भीती वाटली नसती," नर्सबाई म्हणाल्या. "ऐक नीट. हा आजार आहे. बाळंतपणानंतर येतो, दहातल्या एकीला तरी येतो, आणि त्यातल्या बहुतेकजणी तू काल लिहिलंस तसंच लिहितात. मला काल शंका आली होती. मी सोडायला नको होतं, ती माझी चूक. याला औषध आहे, बोलायला डॉक्टरीणबाई आहेत. दूध पाजत असताना चालणाऱ्या गोळ्या आहेत. वेळ लागेल. पण हा जातो."

"नक्की?"

"मी सही करून देऊ का?"

आणि काटेवहिनीला हसू आलं. हसता हसता रडू आलं, आणि या वेळी नळ सोडायची गरज पडली नाही. नर्सबाईंनी त्याच दुपारी तिला डॉक्टरीणबाईंकडे बसवलं. घरी एकटीनं जाऊ दिलं नाही, स्वतः बरोबर आल्या.

घरी बोलणं झालं ते दुकानातच, टांगलेल्या तराजूंच्या खाली. नर्सबाईंनी सगळं समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "डोक्याच्या गोळ्या? बाळंतिणीला? लोक काय म्हणतील?"

"लोक भिंतीवरचा आकडा वाचून जातात, आई," काटेवहिनी म्हणाली. "माझा आकडा कुणी लिहिला नाही, मीही नाही."

नवरा खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. मी दीड महिना आठवतोय, माझं काय चुकलं."

"सापडलं का काही?"

"बरंच सापडलं."

थोरले कारागीर चष्मा पुसत होते, ज्याचा आता पुसूनही फारसा उपयोग नव्हता. मग म्हणाले, "सूनबाई, या दुकानात आपला काटा आपण तपासत नाही. मीच शिकवलं तुला. मग तू दीड महिना एकटीच तपासत बसलीस, आणि आम्ही तिघांनी बसू दिलं. शिस्त तू मोडली नाहीस, आम्ही मोडली." थांबून म्हणाले, "आणि आज जाऊन तू आपणहून सांगितलंस. माझ्या उभ्या आयुष्यात एकाही व्यापाऱ्यानं येऊन सांगितलं नाही, की माझा काटा खोटा आहे, दुरुस्त करा. एकानंही नाही."

एवढं बोलून ते आत गेले. त्या घरात याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला दिली नव्हती.

पुढचे महिने सोपे नव्हते. गोळ्यांनी पहिले काही दिवस तोंड कोरडं पडलं, चक्कर आली, आणि बरं तर काहीच वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री चार तास सलग झोप लागली. ते तिनं नर्सबाईंना असं सांगितलं जसं दुसरी कुणी लॉटरी लागल्याचं सांगेल. पहाटेचं दूध नवरा वाटीचमच्यानं पाजू लागला. आधी दुपट्यालाच जास्त पाजायचा, मग जमलं. दर मंगळवारी ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तासभर बोलायची. कधी नुसती बसायची.

सासूबाईंना आजार शेवटपर्यंत पटला नाही. पण सकाळी आठाच्या ठोक्याला त्या एका हातात पाणी आणि एका हातात गोळी घेऊन हजर व्हायच्या.

"तुम्हाला पटत नाही ना, आई?"

"नाही पटत. पण घड्याळ कळतं मला. घे."

आणि एक गोष्ट तिनं मागून घेतली. गुंजेचं रोजचं वजन बंद करायचं. महिन्यातून एकदा, केंद्रात, बस. "बाबा, त्या आकड्याकडे पाहिलं की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं." थोरल्या कारागिरांना ते जड गेलं. त्यांनी भिंतीवर शेवटचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली. चार दिवसांनी सासूबाईंनी त्यांना मागच्या खोलीत रंगेहाथ पकडलं. नातीला दोन्ही तळव्यांवर धरून, डोळे मिटून उभे होते.

"काय चाललंय?"

"काही नाही. खेळवतोय."

"ओठ हलतायत तुमचे. आकडा म्हणताय."

"मनातल्या मनात म्हणतोय," ते म्हणाले. "सूनबाईला सांगू नकोस." सूनबाई दारातच उभी होती. तिला हसू आलं, आणि ती काही न बोलता परत फिरली.

बरं होणं एका दिवशी आलं नाही. दोन चांगले दिवस आले की एक असा यायचा, की पलंगाची कड ओलांडणं म्हणजे नदी ओलांडणं. अशा दिवशी ती सकाळीच मोठ्यानं सांगायची, "आज काटा खाली आहे." एवढंच. मग कुणी कारण विचारायचं नाही आणि कुणी समजूत घालायचं नाही. नवरा गुंजेला घ्यायचा आणि सासूबाई किराणावालीला दारातूनच वाटेला लावायच्या. लपवण्यात जी ताकद जायची ती आता वाचत होती. त्या ताकदीवर ती हळूहळू उभी राहिली.

मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा काटेवहिनी पुन्हा खोकं घेऊन पेठेत गेली. तोच जाडा व्यापारी. त्याचे सात काटे तपासायचे होते. गर्दी जमली, बऱ्याच दिवसांनी आली म्हणून विचारपूस झाली. कुणी म्हणालं, "आजारी होतात म्हणे?"

"होते," ती म्हणाली. "बाळंतपणानंतर मनाचा आजार होतो एक, तो झाला होता. औषध चालू आहे."

असं मोकळं बोलायची तिथं कुणाला सवय नव्हती. मग पोती मोजणारी एक तरुण बाई, जिचं पोर दोन महिन्यांचं होतं, ती हळूच खोक्याजवळ येऊन बसली आणि विचारू लागली, कसं कळलं, कुठे गेलात, घरच्यांना काय सांगितलं. काटेवहिनीनं हातातलं वजन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. दहा प्रश्नांचंसुद्धा. नर्सबाई कुठल्या दिवशी कुठल्या वेळेला भेटतात तेही. आणि म्हणाली, "पहिल्यांदा मी खोटं लिहिलं होतं. तू खरंच लिही. मी येईन तुझ्याबरोबर."

मग ती कामाला लागली. पहिला काटा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर तिनं वजन ठेवलं. काटा डोलत होता, ती थांबली होती, आणि त्या थांबण्यात तिच्या मनात काहीतरी हललं. आता गुंज उठली असेल. उठल्या उठल्या ती आधी छताकडे बघते, मग स्वतःच्या मुठीकडे, मग दाराकडे. आज दाराकडे बघेल तेव्हा दारात आपण नसणार. पान्हा दाटून आला, कपडा ओला झाला. काटा कधीचा थांबला होता. तिनं आकडा पाहिला, लिहिला, वजनं एकेक करून फडक्यात गुंडाळली आणि खोकं बंद केलं.

"अहो वहिनी, अजून चार राहिलेत," व्यापारी म्हणाला.

"उद्या येते. माझी पोरगी उठली असेल."

"घरी माणसं नाहीत का तिला घ्यायला?"

"भरपूर आहेत. सासू आहे, सासरे आहेत, नवरा आहे. तिचं काही अडलेलं नाही." तिनं खोकं काखेला मारलं आणि पायात चपला सरकवल्या. "माझं अडलंय."

आणि भर बाजारातून, पोत्यांच्या आणि गाड्यांच्या मधून, काटेवहिनी घराकडे झपाझपा चालत निघाली.